पिल्लासाठी घरातले शोषक पॅड : तीन आठवड्यांच्या वापरानंतर

लहान जातीच्या, अडीच महिन्यांच्या आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला घरात लघवी करता यावी म्हणून हे ६० बाय ६० सेंटिमीटरचे पॅड घेतले. या वयात पिल्लाला फार तर तीन-साडेतीन तास लघवी धरता येते, त्यामुळे झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला उचलून पॅडवर नेणे हे काम माणसालाच करावे लागते; पॅडच्या विशिष्ट वासामुळे पिल्लू आपोआप तिकडे वळेल, हा पाकिटावरचा दावा आमच्याकडे तरी फोल ठरला. शोषण्याची क्षमता मात्र उत्तम आहे. आतल्या पॉलिमरचे दाणे ओल धरून जेलीसारखे फुगतात, वरचा थर लवकर कोरडा होतो आणि ओल्या पंजांचे ठसे फरशीवर उमटत नाहीत.

खरी अडचण कडांची आहे, कारण पुढचे दोन पाय पॅडवर टेकले की आपण पोहोचलो असे पिल्लाला वाटते आणि धार फरशीवर जाते. शिवाय मागची चिकटपट्टी इतकी कमकुवत, की दुसऱ्याच दिवशी स्वारीने पॅड ओढत सोफ्याखाली नेऊन फाडला. ते दाणे पोटात जाऊ नयेत म्हणून शेवटी वरून जाळी बसणारा ट्रे घ्यावा लागला. नव्या पॅडच्या मधोमध जुन्याचा ओला तुकडा ठेवू लागल्यावर मात्र चारच दिवसांत जागा पक्की झाली.