पॉलिमर क्ले, फोम क्ले की घरची माती? मिनिएचर पदार्थ आणि फुलं : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत मातीचे इवलेसे पदार्थ आणि फुलं करायचा नाद लागला, आणि आता गणपतीही होऊन गेले. म्हणजे या मातीने थंडी, एप्रिलचा उकाडा आणि बदलापूरचा पाऊस असे तिन्ही ऋतू काढले आहेत. युट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू पाकीट फोडल्याच्या दिवशीच केलेले असतात, त्यातलेही बरेचसे कोरड्या हवेच्या देशांतले. माती हाताला किती मऊ लागते ते कुणीही सांगेल. जुलैत तिचं काय होतं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी तीन प्रकार वापरले : ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले, हवेवर वाळणारी हलकी फोम क्ले, आणि फेव्हिकॉल-कॉर्नफ्लोअर शिजवून घरी केलेली माती, जिला कोल्ड पोर्सिलेन म्हणतात. शाडू या कामाची नाही. मूर्तीला ती उत्तम, पण पाकळीइतकी पातळ केली की तडकते.

पदार्थांसाठी पॉलिमर क्लेला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. फिमो आणि स्कल्पी ही त्यातली नेहमीची नावं. ५७ ग्रॅमची छोटी वडी मिळते. हवेवर वाळणाऱ्या मातीपेक्षा बरीच महाग आहे, पण मोदकाला किती लागणार? मिनिएचरचं नेहमीचं माप १:१२, खऱ्यातला एक फूट म्हणजे इथे एक इंच. या हिशेबाने २० सेंटिमीटरची पुरणपोळी १७ मिलिमीटरचीही होत नाही, आणि पाच सेंटिमीटर उंचीचा मोदक जेमतेम चार मिलिमीटरचा. एक वडी महिनोन्महिने पुरते.

पुरणपोळीवरच जास्त बोलतो, कारण या छंदातलं सगळं तिच्यात येतं. नुसती पिवळी माती लाटली तर ती पोळी न दिसता प्लास्टिकची चकती दिसते. मी पांढऱ्या आणि पारदर्शक मातीत चिमूटभर पिवळा आणि त्याहून कमी तपकिरी मिसळतो. लाटून झालं की चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पृष्ठभागावर हलकेच दाबायचा, म्हणजे बारीक उंचवटे येतात. मग तपकिरी सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडून तिची पूड मऊ ब्रशवर घ्यायची आणि फक्त उंचवट्यांवर टेकवायची. तव्याचे डाग एकसारखे आणि सारख्या अंतरावर पडले की पोळी खोटी दिसते. एका कडेला जरा जास्त करपलेली, मध्ये एक फुगवटा फुटलेला, अशी पोळी बघणाऱ्याला खरी वाटते. वरचं तूप म्हणजे ग्लॉस वार्निशचा एक थेंब. तोही मधोमध सोडायचा नाही, ओघळलेला हवा.

उकडीच्या मोदकाला नुसती पांढरी माती वापरू नका. वाफवलेली तांदळाची पारी किंचित आरपार दिसते, त्यामुळे पारदर्शक मातीत अगदी थोडी पांढरी मिसळावी लागते. कळ्या सुईच्या टोकाने काढायच्या. भाताची शितं मापात बसवायला गेलात तर ती अर्ध्या मिलिमीटरची होतात, डोळे जातील. तिथे सगळेच थोडी लबाडी करतात आणि शीत मोठं ठेवतात. वरण म्हणजे लिक्विड क्लेत, म्हणजे ओतता येणाऱ्या पातळ पॉलिमर क्लेत, पिवळा रंग. गणपतीत आरासीत नैवेद्याचं छोटं ताट ठेवलं होतं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "वरण जरा दाटच झालंय रे." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.

भाजण्यात मात्र काटेकोर राहावं लागतं. फिमोला ११० अंश सेल्सिअसवर अर्धा तास, स्कल्पीला साधारण १३०. घरगुती ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांचा मेळ असेलच असं नाही, म्हणून वेगळा ओव्हन थर्मामीटर घ्याच. ही माती मुळात पीव्हीसीची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची असते. जळली तर घशाला लागणारा घातक धूर येतो. मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये. पारदर्शक माती थोड्या जास्त आचेनेही पिवळी पडते, त्यामुळे मोदकांवर फॉइल झाकतो. आणि ज्या साच्या-हत्यारांना ही माती लागली ती पुन्हा स्वयंपाकात नकोत.

पीव्हीसीचा आणखी एक संबंध. जपानमध्ये हॉटेलांच्या काचेत हुबेहूब खोटे पदार्थ मांडतात, ते पूर्वी मेणाचे असत. मेण उन्हाने वितळतं, रंग उडतो, म्हणून तिथले कारागीरही पुढे प्लास्टिककडे वळले. टिकण्याच्या बाबतीत माझाही अनुभव तोच. भाजलेल्या पॉलिमरला पावसाचा काहीही फरक पडला नाही. त्रास झाला तो कच्च्या मातीला, तोही एप्रिलमध्ये. पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या वड्या लिबलिबीत झाल्या. काही प्रकारचं प्लास्टिक या मातीने चिकट होतं, त्यामुळे कुठल्याही डब्यात टाकून चालत नाही. मी बटर पेपरमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत ठेवतो.

फोम क्लेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वडापावचा पाव, जाळीदार ब्रेड, केक यांना छान. वाळल्यावरही किंचित दबते आणि तसाच पाव हवा असतो. बारीक काम मात्र तिच्यात उठत नाही, कडा बोथट येतात. लहान मुलांना द्यायला हरकत नाही, फक्त अगदी धाकट्यांच्या हाती तयार पदार्थ देऊ नका. खरे वाटतात म्हणून थेट तोंडात जातात.

आता फुलं. इथे पॉलिमर मला जमेना, पाकळ्या जाड राहतात. घरची माती जिंकते. एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, चमचाभर बेबी ऑइल, चमचाभर लिंबाचा रस आणि थोडं ग्लिसरीन. जुन्या नॉनस्टिक भांड्यात मंद आचेवर हलवत राहायचं, कडा सोडून गोळा झाला की उतरवायचं, मळून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं. नीट जमलेली माती ओढली तर तुटत नाही, लांब निमुळती होत जाते. वाळताना ती आकसते आणि रंग गडद होतो, म्हणून कच्च्या मातीत रंग फिकाच ठेवायचा. मोगऱ्यासाठी पांढरा रंग घालावाच लागतो, नाहीतर कळ्या मेणबत्तीच्या दिसतात.

सगळ्यात मजा जास्वंदीत आली. पाच पाकळ्या कुणीही करेल, फूल ओळखू येतं ते मधल्या दांड्याने. तारेवर मातीचा पातळ थर चढवायचा, वरच्या अर्ध्या भागाला गोंद लावून पिवळ्या रंगवलेल्या बारीक रव्यात घोळवायचा, आणि अगदी टोकाला पाच लाल ठिपके. पाकळ्यांना रेषा उमटवायला खऱ्या पाकळीवरून सिलिकॉनचा साचा काढला, पानांसाठी कुंडीतलंच पान दाबलं. चाफ्यात गोम एकच : प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर आणि दुसरी खाली. पाचवी लावताना तिची कड पहिलीच्या खाली सरकवावी लागते.

आणि मग जून उजाडला. वार्निश न केलेल्या पाकळ्या दमट हवेने मऊ पडून माना टाकू लागल्या. उघड्या तारेचा गंज पांढऱ्या मोगऱ्यात उतरला. शिल्लक मातीच्या गोळ्यावर बुरशी. उपाय आहेत : तार टेपने पूर्ण झाकणं, वार्निश पाकळीच्या दोन्ही बाजूंनी, मळताना लवंगेच्या तेलाचे थेंब, आणि तयार फुलं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. एवढं करूनही जुलै-ऑगस्टमध्ये या मातीचं नवं काम मी काढत नाही. वाळायलाच इतका वेळ लागतो की आकार बिघडतो. नागपूर-सोलापूरकडच्यांना हा त्रास बराच कमी व्हावा. कोकणपट्टीत फुलांचा हंगाम दिवाळी ते मे, पावसाळ्यात पदार्थ, अशी वाटणी मला सोयीची पडली.

यूव्ही रेझिनचा (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं पातळ रसायन) रस्सा, चहा, ताक सुंदर दिसतं, पण न सुकलेलं रेझिन कातडीला लागू देऊ नका. त्याची अॅलर्जी एकदा जडली की पाठ सोडत नाही. नायट्राइलचे हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच.

ऑनलाइन मिळणारे 'चोवीस रंग, चौदा हत्यारं' छापाचे किट घेऊ नका. मी घेतलेल्यातली निम्मी माती येतानाच कडक होती, हत्यारं जाड. जुना टूथब्रश, ब्लेड, सुई, टूथपिक आणि नेल आर्टचे गोल टोकाचे दांडे एवढ्यावर माझं काम चालतं. माती आणि तारा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत हाताळून घेता येतात, ते बरं. भिंगाचा दिवा मात्र चांगला घ्या, पैसे तिथे घाला.

विकायचा विचार असेल तर आधी तास मोजा. वडापावच्या फ्रिज मॅग्नेटला लोक आनंदाने पैसे देतात, पण नैवेद्याच्या ताटाला मजुरीसकट किंमत सांगितली की समोरचा हसतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं बघितली असतील तर कळेल, ते रंगकाम पिढ्यांचं आहे आणि तिथेही घासाघीस चालतेच. मी सध्या फक्त भेट देतो. पुढची खरेदी म्हणून पांढऱ्या आणि पारदर्शक पॉलिमरच्या दोन-दोन वड्या लिहून ठेवल्यात, बाकीचे रंग तीन प्राथमिक रंगांतून होतात.