सेकंड हँड पिकअप, एक पावसाळा अन् संत्र्याचा हंगाम: मागच्या आवाजांचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात घेतलेल्या जुन्या पिकअपने आता एक अख्खा पावसाळा आणि संत्र्याचा आंबिया बहार काढला आहे. वरूड तालुक्यातून संत्र्याचे क्रेट भरून नागपूरला कळमन्याच्या मार्केटात जायचं, येताना खत नाहीतर सरकीची ढेप आणायची, असं तिचं काम. इंजिन खणखणीत आहे, अॅव्हरेज ठीक आहे, एसी नाही आणि मला तो लागतही नाही. एवढं सांगून मी थेट गाडीच्या मागच्या बाजूच्या आवाजांवर येतो. जुनी पिकअप घेणाऱ्याचा पैसा क्लचपासून मागच्या चाकापर्यंतच्या भागातच जास्त जातो, आणि पुष्कळदा भलत्याच पार्टवर जातो.

गाडी भरली की पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना खालून ‘टक्क’ असा आवाज यायचा. चाळीसच्या पुढे फ्लोअरला बारीक थरथर जाणवायची. गाडी रिकामी केली की दोन्ही गायब. एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी रिकामी गाडी एक चक्कर फिरवून आणली, मागचं चाक उचलून हाताने हलवलं आणि क्राउन-पिनियनचा सेट, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या डिफरन्शियलमधले ताकद चाकांकडे वळवणारे दोन गिअर, बदलायला सांगितला. मी नाही म्हटलं. जो आवाज फक्त मालासोबत येतो, तो रिकाम्या गाडीत शोधून सापडणार कसा? माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात, डिफरन्शियलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) चेसिसच्या जवळ येतं आणि गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. त्यात गाडी उचलायला ताकदही जास्त लागते. शाफ्टच्या टोकांच्या क्रॉस जॉइंटमधला ढिलेपणा तेव्हाच बोलतो. म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला सरळ सांगा, भरलेली गाडी चालवून पाहायची आहे.

काहीही खोलण्याआधी आवाज कोणाच्या फिरण्यासोबत बदलतो ते पाहायचं. गाडी उभी ठेवून रेस दिली तरी आवाज आला, तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला. उभ्या गाडीत न्यूट्रलवर घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग पाहायचं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत सपाट, मोकळ्या रस्त्यावर तोच वेग चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये ठेवून ऐका. इंजिनाचे फेरे बदलले तरी आवाज तसाच राहिला, तर गिअरबॉक्सच्या मागे शोधायचं.

मागे शोधायचं म्हणजे शाफ्ट की चाक, हा पुढचा प्रश्न, आणि तो कानाने सुटतो. माझ्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास आहे. ताशी 10 किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वा फेरा घेतं, आणि डिफरन्शियलच्या रेशोमुळे (दात्यांच्या प्रमाणामुळे) शाफ्ट त्याच्या चार-साडेचार पट फिरतो. म्हणजे चाकाचा आवाज हळू चालवताना एक-एक करून मोजता येतो. शाफ्टचा ‘चिक-चिक’ इतका भराभर येतो की मोजणं जमत नाही. गावातल्या दोन भिंतींच्या मधून, काच खाली करून, हळू गाडी न्या. आवाज भिंतीवरून परत येतो आणि स्पष्ट ऐकू येतो.

माझ्या गाडीचं निदान मोर्शी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलं. गाडी भरलेलीच होती. चारही चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला आणि ते टॉर्च घेऊन खाली गेले. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळला. मला खाली बोलावून जॉइंटवर बोट ठेवायला लावलं. शाफ्ट हलत होता, पण पुढचा योक (जॉइंट धरणारा चिमटा) जागचा हलत नव्हता. बोटाला मधला खटका साफ लागला. जॉइंटमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या क्रॉसच्या, सुयांचं बेअरिंग असलेल्या टोपीच्या कडेला तांबूस कोरडी भुकटी जमली होती.

‘‘भाऊ, हे पाय. ग्रीस सरलं की सुया गंजतात, मंग अशी भुकटी बाहेर येते. डिफरनले हात लावू नको, त्याच्यात थोडी ढील असतेच.’’

त्यांचं म्हणणं खरं होतं. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमध्ये थोडा बॅकलॅश ठेवावाच लागतो, नाहीतर गरम झाल्यावर दाते एकमेकांत आवळतात. तो ठराविक ढिलेपणा कंपनीच्या मापात असेल तर तो बिघाड नाही.

दोन्ही क्रॉस बदलले. शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही फाटलेलं निघालं, तेही बदललं. चाळीसच्या पुढची थरथर बहुधा त्यामुळेच होती, कारण त्यानंतर ती पूर्ण गेली. शाफ्ट काढण्याआधी मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना रंगाची खूण केली, आणि ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याने उभं राहून करून घ्यावी. साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. एका टोकाचा जॉइंट जी गडबड करतो ती दुसऱ्या टोकाचा भरून काढतो, पण त्यासाठी दोन्ही योक ठरलेल्या रेषेतच असावे लागतात. शाफ्टच्या जोडातली स्प्लाइन (दातेरी खाचा) एक-दोन दाते इकडेतिकडे बसली, तर नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि दोष पार्टला दिला जातो.

पावसाळ्यात वेगळाच आवाज सुरू झाला. वेगासोबत चढत जाणारा एकसुरी गुणगुणाट. आमच्याकडे पांदण रस्ता म्हणजे काळ्या मातीचा लगदा, आणि शेतात जाताना नाला ओलांडावाच लागतो. कमी वेगात, मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच उजवीकडे वळवली की आवाज वाढायचा, डावीकडे घेतली की दबायचा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून डावं मागचं बेअरिंग खोललं आणि तेच खराब निघालं. पण सोबत डिफरन्शियलचं ऑईल काढलं तेव्हा ते दुधाळ आलं, आत पाणी गेलं होतं.

कारण एक छोटी वस्तू, हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं-यायचं तोंड. गाडी चालून हाउसिंग गरम होतं, आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर पडते. तेच गरम हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात गेलं की हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ती ओढ ऑईल सीलवर येते आणि सीलच्या कडेने पाणी आत शिरतं. गरम झाल्यावर उलटा दाब येऊन ऑईल गळतं ते वेगळंच. माझा ब्रीदर मातीने पूर्ण बुजला होता. साफ केला, मॅन्युअलप्रमाणे 80डब्ल्यू-90 जीएल-5 ऑईल भरलं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बारीक काळी पेस्ट होती. ती चालते. चमकणारे तुकडे दिसले असते तर मी डिफरन्शियल नक्की खोलायला लावलं असतं. आता लांबून आल्यावर नाल्याच्या आधी गाडी थोडी निवू देतो.

टायरलाही विसरू नका. समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर घासलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा गातो. डांबरावर येताच आवाज बदलला तर चाकाच्या हबला (बेअरिंग बसतं त्या जागेला) हात लावू नका.

एक बारीक शिटी अजून आहे. चिखलदऱ्याचा घाट चढताना येत नाही, उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की येते. म्हणजे क्राउन-पिनियनच्या दात्यांच्या मागच्या बाजूची झीज. घेतली तेव्हापासून ती तेवढीच आहे, ऑईल स्वच्छ आहे, म्हणून सेट बदलणार नाही. क्राउन-पिनियन जोडीनेच बदलावे लागतात आणि सेटिंग चुकलं तर नवा सेटही ओरडतो.

अलीकडे क्लच दाबल्यावर हलकी सुर्र ऐकू येऊ लागली आहे, रिलीज बेअरिंगची. क्लच प्लेटही उतरत आली आहे. मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाचा, माल संपला की दोन्ही एकदमच बदलून घेईन, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागेल.