घरच्या घरी काँक्रीटच्या शोभेच्या वस्तू : किटमधले साचे उत्तम, माहितीपत्रक अपुरे

गेल्या डिसेंबरात ऑनलाइन मागवलेले काँक्रीट क्राफ्टचे किट मी साताऱ्याच्या घरी तीन आठवडे वापरून पाहिले. साडेबाराशे रुपयांत सिलिकॉनचे तीन साचे (षटकोनी कुंडी, मेणबत्तीचे बसके भांडे आणि लंबगोल ट्रे), दीड किलो तयार मिश्रण, रंगाच्या दोन पुड्या, पॉलिश पेपर आणि सीलरची, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून वरून लावायच्या द्रवाची, छोटी बाटली मिळते.

आधी साच्यांविषयी, कारण पैसे खऱ्या अर्थाने तेथेच वसूल होतात. सिलिकॉन जाड असूनही लवचीक आहे, आतून तेल लावावे लागत नाही आणि अकरा वेळा वापरूनही एकही साचा कडेला फाटला नाही. साच्याचा आतला पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकीच वस्तू गुळगुळीत निघते. ट्रे प्रथम उलटा करून साचा सोलून काढला, तेव्हा त्याच्या तळाला आलेली मंद चकाकी पाहून हा सिमेंटचाच आहे का, असे घरातल्यांनी विचारले. कुंडीच्या साच्याला मात्र निचऱ्याचे छिद्र नाही. त्यासाठी मिश्रण भरताना तळाशी जाड स्ट्रॉचा तुकडा उभा करावा लागतो.

माहितीपत्रकाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. त्यात ‘पाणी आवश्यकतेनुसार’ घालावे आणि सहा तासांनी साचा काढावा, एवढेच लिहिले आहे. मी तसेच केले आणि कुंडीचा एक कोपरा ओल्या बिस्किटासारखा हातात आला. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, आणि ही क्रिया थंडीत मंदावते; त्यामुळे आपल्याकडच्या डिसेंबरच्या रात्रीत सहा तास कोणत्याही हिशेबाने पुरेसे नाहीत. त्यानंतर मी चोवीस तास, आणि फारच गारठा असेल तेव्हा छत्तीस तास थांबू लागले. साचा काढल्यावर पाणी मारण्याचा तर पत्रकात उल्लेखही नाही. नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. तोच नियम तळहाताएवढ्या कुंडीलाही लागू पडतो. मी वस्तू सात दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आणि पहिल्या खेपेत कडांवर दिसलेल्या केसासारख्या बारीक भेगा नंतरच्या एकाही वस्तूवर दिसल्या नाहीत.

याहून न पटणारी गोष्ट म्हणजे खोक्यावर उघड्या हातांनी मिश्रण कालवणाऱ्या मुलांचे छायाचित्र आहे. ओल्या सिमेंटचा सामू (pH) १२च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते आणि त्याने त्वचा भाजते. कोरडी पूड नाकात जाणेही घातक असते. किटमध्ये ना हातमोजे आहेत, ना मास्क, ना त्याविषयी सूचनेची एक ओळ. मुलांना घेऊन हे करायचे असेल, तर मिश्रण मोठ्यांनीच कालवावे आणि मुलांकडे घासण्याचे व रंगवण्याचे काम द्यावे.

दीड किलो मिश्रण एक कुंडी आणि एक ट्रे यांतच संपते. नंतर मी गावातूनच सामान आणले. हार्डवेअरच्या एका दुकानात व्हाइट सिमेंट मागितल्यावर मला वॉल पुट्टीची पिशवी देण्यात आली. पुट्टी भिंतीवर पातळ थर देण्यासाठी असते, जाड ओतकामात ती तडकते, म्हणून पिशवीवरचे नाव वाचूनच घ्यावे. आपल्या भागातली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, काळ्या पाषाणाची असल्याने व्हाइट सिमेंटमध्येही ती राखाडी छटा आणते. मला ती छटा किटच्या पांढऱ्या रंगापेक्षा अधिक आवडली. शुभ्र वस्तूच हवी असेल, तर वाळूऐवजी संगमरवराची भुकटी वापरावी लागते. बारीक चाळणीने चाळलेली पाऊण किलो वाळू, अर्धा किलो सिमेंट आणि सुमारे २२५ मिली पाणी हे प्रमाण मला मानवले. मिश्रण घट्ट श्रीखंडासारखे होते, ते चमच्याने साच्यात दाबत भरावे आणि मग साचा टेबलावर दोन-तीन मिनिटे हलकेच आपटत राहावे, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. पाणी वाढवले की भरणे सोपे जाते, पण वस्तू वाळल्यावर बोट फिरवताच पांढरी पूड निघते.

सीलर साधारण आहे. ट्रेवर पाण्याचे थेंब काही वेळ मोत्यांसारखे उभे राहतात, परंतु तेलापुढे त्याचा निभाव लागत नाही. मेणबत्तीच्या भांड्यात मी एका संध्याकाळी तेलवात लावली, तर सकाळपर्यंत तेल तळातून झिरपून खालच्या लाकडी फळीवर गोल डाग पडला होता. आता त्यात मातीची पणती ठेवते. कुंडीत रोप लावण्यापूर्वी ती आठवडाभर पाण्यात बुडवून रोज पाणी बदलावे, म्हणजे त्यातला चुना बराचसा निघून जातो. तशा केलेल्या कुंडीत लावलेल्या कोरफडीला दोन नवी पाने आली आहेत.

विक्रेत्याकडे हे साचे सुटे मिळत असतील, तर तेवढेच घ्यावेत. संपूर्ण किट सध्याच्या माहितीपत्रकासह मी कोणाला भेट म्हणून देणार नाही.