एसक्यूएलअल्केमी 2.0: लायब्ररी उत्तम, पण काट्यावर बसवण्याआधी कमिट तपासा

धरणगाव-चोपड्याकडच्या जिनिंगमध्ये किंवा सावदा-रावेरच्या केळी खरेदीत पायथनवरचा वजन-पावतीचा प्रोग्रॅम मायएसक्यूएल या डेटाबेससोबत चालत असेल, तर दोघांना जोडणारी एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी 1.4 वरून 2.0 वर नेताना एक त्रास हमखास समोर येतो. काट्यावरच्या संगणकावर पावती सेव्ह होते, हिशेबाच्या टेबलावरचा संगणक मात्र 50 सेकंद अडकतो आणि मग 1205 नंबरची एरर येते: लॉक वेट टाइमआउट, म्हणजे दुसऱ्या कनेक्शनने अडवलेली ओळ मोकळी होण्याची वाट बघण्याची मुदत संपली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते.

दोष बहुतेक वेळा डेटाबेसचा नसतो. 1.4 मध्ये इन्सर्ट किंवा अपडेट चालवला की लायब्ररी स्वतःच कमिट करायची, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की करायची. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या 2.0 ने ही सोय काढून टाकली. इंजिनवरचं (लायब्ररीत डेटाबेसची जोडणी सांभाळणाऱ्या भागावरचं) थेट एक्झिक्यूटही गेलं. त्यामुळे जुना कोड एरर देतो. ती दिसली की घाईत इंजिन.कनेक्ट करून तेच कनेक्शन दिवसभर उघडं ठेवलं जातं. पहिल्याच क्वेरीला ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या नोंदींचा गट) आपोआप सुरू होतं, कमिट कुणीच करत नाही आणि त्या पावतीच्या ओळीवरचा लॉक सुटत नाही. कनेक्शन दर वेळी बंद होत असेल, तर लॉक राहत नाही, पण नोंदच गायब होते. कारण दोन्हीकडे तेच.

अडकलेलं असतानाच मायएसक्यूएलच्या सिस स्कीमामधला इनोडीबी_लॉक_वेट्स हा व्ह्यू उघडा. ब्लॉकिंग_पीआयडी, म्हणजे अडवणाऱ्या कनेक्शनचा नंबर, कुणाचा ते बघा. ब्लॉकिंग_क्वेरी रिकामी आणि प्रोसेसलिस्टमध्ये (चालू कनेक्शनच्या यादीत) ते कनेक्शन स्लीप दिसलं, तर कमिट राहिलंय हे जवळजवळ नक्की. ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडं आहे, ते इनोडीबी_टीआरएक्स मधल्या टीआरएक्स_स्टार्टेड वरून कळतं. ते कनेक्शन तोडायला किल दिल्यास त्या ट्रान्झॅक्शनमधल्या सगळ्या नोंदी मागे जातात. आधी त्या पावत्या कागदावर उतरवून घ्या.

इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट, म्हणजे ही वाट बघण्याची मुदत, 50 वरून 300 सेकंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका, गाड्यांची रांग तेवढी लांबेल. खरा उपाय म्हणजे लिहिण्याचं प्रत्येक काम विथ इंजिन.बिगिन() च्या ब्लॉकमध्ये घालणं. ब्लॉक नीट संपला की कमिट, मध्ये चूक झाली की रोलबॅक, म्हणजे सगळं मागे. वजन, कटती आणि शेतकऱ्याच्या खात्याची नोंद एकाच ब्लॉकमध्ये हवी. म्हणूनच सरसकट ऑटोकमिट आयसोलेशन (प्रत्येक स्टेटमेंट लगेच स्वतंत्रपणे पक्कं होणं) लावणं इथे धोक्याचं: वजन चढेल आणि खातं राहून जाईल. भरल्या गाडीचं वजन झाल्यावर रिकाम्या गाडीची वाट बघत ब्लॉक उघडा ठेवू नका. दोन वजनं, दोन ट्रान्झॅक्शन.

1205 आल्यावर मायएसक्यूएल मूळ सेटिंगला फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे घेतं, आधीचे लॉक तसेच राहतात. पुन्हा प्रयत्न करण्याआधी रोलबॅक कराच. पावती क्रमांकावर इंडेक्स (ओळ पटकन शोधण्याची सूची) आहे ना, तेही बघा. नसेल तर रिपीटेबल रीड या मायएसक्यूएलच्या मूळ आयसोलेशन पातळीत एक अपडेट तपासलेल्या साऱ्या ओळी धरून ठेवतो.

वीज गेल्यावरचा प्रकार वेगळा. काट्यावरचा संगणक ट्रान्झॅक्शन उघडं असताना बंद पडला आणि सर्व्हर यूपीएसवर चालू राहिला, तर सर्व्हरला ते कनेक्शन गेल्याचं लगेच कळत नाही. वेट_टाइमआउट मुळात 28800 सेकंदांचा, म्हणजे 8 तासांचा असतो. तो कमी करा आणि काट्याच्या संगणकालाही यूपीएस द्या.

लायब्ररीतलं सेशन वापरून आधीपासून सेशन.कमिट() लिहिणाऱ्यांना यातलं फारसं काही जाणवत नाही. एकूण 2.0 चा निर्णय आम्हाला पटतो: पैशांच्या नोंदीत कमिट कुठे होतंय, हे कोडमध्ये डोळ्यांना दिसलंच पाहिजे. पण भर हंगामात हे अपग्रेड करू नका. जिनिंग बंद असताना आधी 1.4 वरच एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_20 या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 1 देऊन प्रोग्रॅम चालवा. ऑटोकमिटवर विसंबलेली कोडमधली जी जागा चालेल, तिथे इशारा येतो. म्हणून पावती रद्द करणं, दर बदलणं, आगाऊ रक्कम देणं हे क्वचित लागणारे पर्यायही एकदा हाताने चालवून बघा.