द एक्सपान्स: सात महिने, ६२ भाग, आणि त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं?

ॲमेझॉन प्राइमची वर्गणी संपत आल्याचा मेसेज आला, त्याच आठवड्यात पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा यांच्यातल्या भांडणाची अवकाशातली मालिका 'द एक्सपान्स'चा शेवटचा भाग बघून झाला. म्हणून लिहायला बसलोय. खाली स्पॉयलर भरपूर आहेत. २०२२ च्या जानेवारीत संपलेल्या मालिकेचं गुपित अजून कोणासाठी राखायचं?

आधी हिशेब. वर्षाचे १४९९ रुपये. सहा सीझन, ६२ भाग. म्हणजे भागाला २४ रुपये १८ पैसे. घरातले बाकीचे त्याच वर्गणीवर काय काय बघतात ते मी यात धरत नाही, कारण त्यांच्यासाठी मी पैसे भरलेच नव्हते. शनिवारी एक, रविवारी एक, असे सात महिने गेले. एका दमात बघायचं वय राहिलं नाही, आणि पैसे दिलेली वस्तू मी पुरवून वापरतो.

गळ पुण्याच्या भाच्याची. त्याने या मालिकेची नऊच्या नऊ पुस्तकं वाचली आहेत. जेम्स एस. ए. कोरी हे लेखकाचं नाव म्हणजे डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक या दोघांचं मिळून एक टोपणनाव आहे, हेही त्यानेच सांगितलं, मी न विचारता. "मामा, चौथ्या भागापर्यंत धीर धरा, मग बघा," असं त्याचं म्हणणं. मी तेव्हाच विचारलं होतं, पहिले तीन भाग एवढे टाकाऊ आहेत तर केले कशाला?

टाकाऊ नाहीत. पण अंधार फार. शनीकडून बर्फ वाहून आणणारं एक जहाज फुटतं, सेरेस या लघुग्रहावर हॅट घातलेला मिलर नावाचा एक पोलीस हरवलेल्या मुलीला शोधतो, आणि पृथ्वीवर सरकारातल्या अवसरला नावाच्या बाई माणसं टांगून त्यांची चौकशी करतात. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, ते तिसऱ्या भागापर्यंत मला कळलं नाही. दोनदा डुलकी लागली. आमची ही मात्र जागी होती, ती अवसरलाबाईंच्या साड्या आणि दागिने बघायला. पुढे पुढे त्या बाई साडी नेसून ज्या शिव्या घालतात, त्याही हिला आवडायला लागल्या. चौथ्या भागात मंगळाची भली मोठी युद्धनौका आमच्या डोळ्यांदेखत गेली तेव्हा मी सावरून बसलो आणि भाच्याला "ठीक आहे" एवढाच मेसेज केला. लगेच कबूल केलं की पोरं डोक्यावर बसतात.

खरं सांगायचं तर मला जिंकलं ते लढाईने नाही, दारूच्या धारेने. सेरेस हा लघुग्रह गरागरा फिरवून आत वजन निर्माण केलंय. त्यामुळे मिलर पेला भरतो तेव्हा धार सरळ खाली न पडता वळून पडते. त्यावर कोणी एक शब्द बोलत नाही. एवढी काळजी घेणारा माणूस कोण म्हणून पाहिलं, तर नरेन शंकर. मालिकेची सूत्रं त्यांच्याकडे होती आणि त्यांची डॉक्टरेट कॉर्नेलची, भौतिकशास्त्राशी संबंधित. मग सगळंच नीट दिसायला लागलं. जहाजाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, कारण वजन येतं ते इंजिनाच्या रेट्यामुळे. अर्धी वाट वेग वाढवत जायचं, मग जहाज उलटं फिरवायचं आणि उरलेली वाट इंजिनावरच वेग मारत जायचं. पृथ्वीवरून गुरूकडे निरोप धाडला तर उत्तराला वाट बघावी लागते, फोनवर बोलल्यासारखं चालत नाही. हे बघताना मला कंटाळा आला नाही, आणि मला कशाचाही कंटाळा येतो.

लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या लोकांची बोली मात्र जड गेली. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ती खास बनवली आहे, हातवाऱ्यांसकट, कारण अवकाशवेशात चेहरा दिसत नाही तेव्हा हातच बोलतात. आता मला "बेल्टालोडा" म्हणजे आपली माणसं हे कळतं, पण पहिला सीझन मी खालच्या ओळी वाचण्यातच घालवला.

आता मुद्दा. या मालिकेच्या चाहत्यांचं जुनं भांडण आहे ते गतीवरून. एक गट म्हणतो सुरुवात रटाळ, दुसरा म्हणतो चौथा सीझन रटाळ, तिसरा म्हणतो शेवट गुंडाळला. आमच्या घरात तिन्ही गटांची बाजू मीच मांडतो आणि भाचा सगळ्यांना उत्तरं देतो. मी साखर कारखान्यात अकाउंट्सला ३० वर्षं काढली, त्यामुळे तोंडी वाद मला पटत नाही. भाच्याला कुठलं पुस्तक कुठे संपतं ते विचारून कागदावर मांडलं. पहिलं पुस्तक दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागाला, एरॉस हा लघुग्रह शुक्रावर जाऊन आदळतो तिथे संपतं. म्हणजे १५ भाग. दुसरं तिसऱ्या सीझनच्या सहाव्या भागाला, म्हणजे १४. तिसरं पुस्तक उरलेल्या सातांत. चौथ्याला १०, पाचव्याला १०, आणि सहाव्याला? सहा. हद्दी ढोबळ आहेत, पुढच्या पुस्तकातली माणसं आधीही आणली आहेत. अवसरला तर मूळ पहिल्या पुस्तकात नाहीतच, दुसऱ्यात येतात. तरी बेरीज ६२ जुळते.

हा खर्चाचा तक्ता बघा. पहिल्या दोघांवर उधळपट्टी, तिसऱ्याला निम्मं बजेट, आणि शेवटी तिजोरीत खडखडाट. भाचा म्हणतो तिसऱ्या सीझनचा उत्तरार्ध सगळ्यात भारी, श्वास घ्यायला वेळ देत नाही. मी म्हणतो, देत नाही हीच तक्रार आहे. दूरच्या ग्रहांकडे नेणारं ते अजस्र वलय, वेगाला मर्यादा घालणारी त्याच्या आतली जागा, तिथे अडकलेल्या तिन्ही बाजूंच्या नौका, एवढा माल सात भागांत कोंबलाय. आधी बर्फावर वेळ घालवला नसता तर इथे पुरला असता.

चौथ्या सीझनबद्दल मी भाच्याला शब्दशः असं लिहिलं होतं: "अवकाशातली मालिका बघायला बसवलंस आणि ग्रामपंचायत दाखवतोस." एक उजाड ग्रह, तिथे चार झोपड्या, बाहेर सतत वारा. मध्येच कधी मंगळावर तिथली माजी सैनिक बॉबी, कधी पृथ्वीवर अवसरलांची निवडणूक. मी त्या सीझनला पाचपैकी दोन देऊन टाकले होते.

ते दोन मी मागे घेतो. का, ते सांगतो.

पाचव्या सीझनमध्ये पट्ट्यातल्या मार्को इनारोसने सोडलेला पहिला दगड पृथ्वीवर पडला आणि आमच्या गल्लीत खोदकाम करणाऱ्यांनी केबल तोडली. नेट नऊ दिवस बंद. फोन केला की "उद्या होईल काका", दुसऱ्या दिवशी फोन केला की "कालच तर सांगितलं ना". नऊ दिवसांचे पैसे वजा करा म्हटलं तर तशी सोय नाही म्हणे. भाचा दिवाळीत आला तेव्हा त्याचा जुना टॅब विसरून गेला होता आणि त्यावर चौथा सीझन डाउनलोड केलेला होता. दुसरं काही नव्हतंच, म्हणून तोच परत बघितला.

परत बघताना लक्षात आलं की ही ग्रामपंचायत नव्हेच, हा जमिनीचा दावा आहे. गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावरून निर्वासित होऊन आलेली पट्ट्यातली माणसं आधी येऊन बसली, त्यांनी लिथियम काढायला सुरुवात केली. मागाहून कंपनी आली, तिच्या हातात युनोचा, म्हणजे पृथ्वीच्या सरकारचा, परवाना. ते त्या ग्रहाला आयलस म्हणतात, हे न्यू टेरा म्हणतात. जमीन कसणाऱ्याची की कागदवाल्याची? सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि शेतात उभा दुसरा, ही भानगड ज्याने तालुक्याच्या कचेरीत एकदा तरी पाहिली आहे, त्याला कंपनीचा सुरक्षाप्रमुख मर्ट्री वेगळा समजावून सांगायला नको. तो ओरडत नाही, कायद्याचं बोलतो आणि बंदूक बाळगतो. भांडण चालू असताना तो ग्रह दोघांनाही आंधळं करतो, विषारी गोगलगायी सोडतो, पाणी अंगावर घालतो. तिथे गती हवी होती कोणाला? दावे असेच चालतात.

आणि पाचव्यात पृथ्वीवर पडणारे दगड चौथ्याच्या शेवटीच सोडलेले असतात. पहिल्यांदा बघताना त्या शेवटाला मी चहा ठेवायला उठलो होतो. नेट गेलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. तरी नऊ दिवसांच्या पैशांवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही.

पाचवा उत्तम. नायक होल्डनची जोडीदार नाओमी एका जहाजात एकटी, हवा संपत आलेली, ते भाग संथ आहेत आणि संथच हवेत. पुढे जातो.

आता सहावा, आणि ती कुत्री.

सहाव्या सीझनच्या प्रत्येक भागाची सुरुवात लकोनिया नावाच्या लांबच्या ग्रहावर होते. तिथे कॅरा नावाची एक लहान मुलगी आहे. तिला जंगलात कुत्र्यांसारखे विचित्र प्राणी भेटतात. ते मोडलेली वस्तू दुरुस्त करतात. मेलेला पक्षी परत येतो. मग तिचा धाकटा भाऊ अपघातात मरतो आणि ती त्याला रात्री त्या कुत्र्यांकडे घेऊन जाते. भाऊ परत येतो, पण तो पहिल्यासारखा नाही. आईबाप घाबरतात. मुलं जंगलात निघून जातात. संपलं. खरोखर संपलं. मुख्य कथेतल्या एकाही माणसाला ही मुलगी भेटत नाही. होल्डनला ती माहीतही नाही. मार्को इनारोसच्या युद्धाशी तिचं देणंघेणं नाही.

मला हे सहन होत नाही. एकूण सहाच भाग हातात. त्यात युद्ध संपवायचं, मार्कोची वासलात लावायची, पट्ट्यातली कप्तान ड्रमर हिला न्याय द्यायचा, तह करायचा. वेळेची एवढी मारामार असताना, माझ्या अंदाजाने सगळं मिळून अर्धा भाग होईल एवढा वेळ त्या कुत्र्यांना दिलाय. म्हणजे माझे बारा रुपये. आमच्याकडे ज्या रकमेचा खुलासा मिळत नाही ती सस्पेन्स खात्याला टाकतात, पण ३१ मार्चच्या आत ते खातं शून्य करायचं असतं. नाही केलं तर ऑडिटर घरी जाऊ देत नाही. या लोकांनी शेवटच्या वर्षात नवं सस्पेन्स खातं उघडलं, सहा वेळा त्यात रक्कम टाकली आणि दुकान बंद केलं.

भाच्याशी यावरून फोनवर पाऊण तास झाला. त्याचं म्हणणं, सहाव्या आणि सातव्या पुस्तकाच्या मध्ये कथेतच ३० वर्षं जातात, त्यामुळे थांबायची याच्याइतकी योग्य जागा नव्हती. हे मान्य. पण मग कुत्री का? "मामा, ते पुढच्या तीन पुस्तकांचं दार आहे. कधी पुढे करायची वेळ आली तर उघडं असावं म्हणून." मी म्हटलं, दार उघडं ठेवून घर विकतात का?

त्याने मग मला २०१८ ऐकवलं. सायफाय वाहिनीने तिसऱ्या सीझननंतर मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी एक लाखाहून जास्त सह्या गोळा केल्या, ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं, मालिकेतल्या जहाजाची छोटी प्रतिकृती फुग्याला बांधून आकाशात सोडली. त्याच मे महिन्यात जेफ बेझोस यांनी लॉस एंजेलिसच्या एका अवकाश परिषदेत कलाकारांसमोरच जाहीर केलं की मालिका वाचली. "त्यांनी हे केलं नसतं तर तुम्हाला तुमचा सातबारावाला सीझन मिळालाच नसता," भाचा म्हणाला. हे बरोबर आहे आणि त्याने ते ज्या सुरात म्हटलं तो मला आवडला नाही.

आमच्या हिचं मत वेगळंच. ती म्हणते, त्या मुलीने मेलेला भाऊ परत आणला, एवढं पुरे आहे, पुढचं सांगायला कशाला हवं. मी म्हटलं तुला साड्याच बघायच्या होत्या. त्या दिवशी जेवण थोडं शांततेत झालं.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. कुत्र्यांचा अर्धा कापला, उरलेला अर्धा पहिल्या तीन भागांतल्या अंधाराचा. चौथ्या सीझनला आता साडेचार, दारूच्या धारेला पाच.

वर्गणी पुन्हा भरली नाही. त्या पैशांतून सातवं पुस्तक मागवलं. माझं इंग्रजी कारखान्याच्या पत्रव्यवहारापुरतं, तरी रोज दहा पानं रेटून शंभर पानं झाली. होल्डन म्हातारा झालाय, लकोनिया आलंय, कुत्र्यांचा पत्ता नाही. काल भाच्याला फोन केला. तो आधी भरपूर हसला. मग म्हणाला, "मामा, मला विचारायचं तरी. ती कुत्र्यांची गोष्ट वेगळी छापली आहे, २०१७ ची, छोटीशीच आहे. आणि ती मुलं परत भेटतात ती आठव्यात."