ट्वीड डिलक्ससाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मर: हॅमंड मागवावा की इथेच वाइंड करून घ्यावा?

फेंडर कंपनीचा ट्वीड डिलक्स हा जुना व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प, म्हणजे ५ई३ सर्किट, घरी बांधायला घेतलं की व्हॉल्व्ह, कपॅसिटर, पॉट असं सगळं आपोआप ठरत जातं. अडतं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी, म्हणजे व्हॉल्व्हचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी. आपल्याकडे खरे पर्याय दोनच. कॅनडातल्या हॅमंडचा बाहेरून मागवायचा, नाहीतर पुण्या-मुंबईतल्या एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यायचा. मी दोन्ही एकाच ॲम्पमध्ये लावून वाजवले आहेत. स्कोप लावून आलेख वगैरे काढलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं कानाचं मत समजा.

तिसऱ्या-चौथ्या पर्यायांचं आधी उरकून टाकतो. जुन्या फिलिप्स किंवा मर्फी रेडिओतला ट्रान्सफॉर्मर काढून लावावा, असं प्रत्येकाला एकदा तरी वाटतंच. पण तो बहुधा एकाच आउटपुट व्हॉल्व्हसाठी केलेला असतो. डिलक्समध्ये दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात, त्याला पुश-पुल म्हणतात; त्यासाठी लागणारा सेंटर टॅप, म्हणजे वाइंडिंगच्या मधोमध काढलेलं टोक, त्याला नसतो आणि कोअरही (आतला लोखंडी गाभा) लहान असतो. फेंडरच्याच चॅम्पसारख्या एका ६व्ही६ व्हॉल्व्हच्या ॲम्पला एखाद वेळेस चालून जाईल, खर्ज मात्र बारीक येईल. हाय-फायवाल्यांचे टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचे, दिसायला देखणे असतात, पण दोन व्हॉल्व्हचा करंट जरा कमीजास्त झाला की त्यांचा कोअर लवकर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठतो. शिवाय २० किलोहर्ट्झपर्यंतची रेंज घेऊन करायचं काय? गिटारचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या पुढे हात वर करतो.

आता इथल्या वाइंडिंगवाल्याबद्दल. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर तर आपण २३० व्होल्टचा त्याच्याकडूनच करून घेतो, मग एका फेरीत दोन्ही कामं होतात. पैसे बरेच कमी लागतात, कस्टमची कटकट नसते आणि चार ओहमचा जादा टॅप सांगितला तर तोही काढून मिळतो. फक्त त्याच्याशी इम्पिडन्सच्या (एसी सिग्नलला होणाऱ्या विरोधाच्या) भाषेत बोलू नका. आठ हजार ओहम प्रायमरी (व्हॉल्व्हकडची बाजू) आणि आठ ओहम सेकंडरी (स्पीकरकडची) असं सांगितलंत, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. इम्पिडन्सचं गुणोत्तर हजार, व्होल्टचं गुणोत्तर त्याचं वर्गमूळ, म्हणजे ३१.६; म्हणून २३० ला साधारण ७.३ व्होल्ट. ‘प्रायमरी २३०, बरोबर मध्ये टॅप, सेकंडरी ७.३, वीस वॉटच्या वर’ एवढं सांगा, त्याला लगेच कळतं.

हा हिशोब कोअरच्या बाबतीतही जुळतो. बारा वॉटला आठ हजार ओहमवर सुमारे ३१० व्होल्ट पडतात, पण गिटारचा सगळ्यात खालचा ई ८२ हर्ट्झचा असतो. कोअरवरचा ताण व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात येतो, आणि २३० व्होल्ट ५० हर्ट्झला जो कोअर नीट झेपतो त्याला हे सहज झेपतं. जोरात ओव्हरड्राइव्ह केल्यावर थोडा सॅच्युरेट झाला तर झाला, ट्वीडमध्ये ते कुणाला खटकत नाही. सेकंडरी मात्र प्रायमरीच्या दोन भागांच्या मध्ये घालायला सांगा आणि प्रत्येक थरावर इन्सुलेशन पेपर मागा. ५ई३ मध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही, त्यामुळे टोकं उलटसुलट लागली तरी ॲम्प किंचाळत नाही. नवशिक्याला ही मोठी सवलत आहे. चॅम्पचं ५एफ१ करत असाल तर ती मिळत नाही, कारण त्यात फीडबॅक आहे. तिथे पत्र्यांमध्ये फटही ठेवावी लागते, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर करणाऱ्या हातांना ई आणि आय आकाराचे पत्रे आलटून-पालटून भरायची इतकी सवय असते की फट तुम्हालाच आठवण करून मागावी लागेल.

हॅमंडचं थोडक्यात सांगतो. १७५० मालिकेत जुन्या फेंडर-मार्शलच्या धर्तीचे ट्रान्सफॉर्मर आहेत, पण मी १२५ई घेतला. तो १५ वॉटचा, पुश-पुलसाठीचा, कुठेही बसेल असा आहे. सेकंडरीची सहा टोकं असतात आणि कोणती दोन घेतली की किती इम्पिडन्स मिळतो त्याचा तक्ता असतो. पुढे कधी ईएल८४ व्हॉल्व्हवर गेलात तरी हाच कामाला येतो. किंमत खुपते ती वस्तूची कमी आणि लोखंड विमानाने आणण्याची जास्त.

आवाजात फरक आहे का? क्लीनमध्ये हॅमंड मला किंचित मोकळा वाटला, इथला जरा गोलसर. व्हॉल्यूम सहाच्या पुढे नेल्यावर डोळे बांधून ओळखायला सांगितलं तर मी पैज लावणार नाही. आवाजावरच ठरवायचं असतं तर मी इथलाच ठेवला असता.

ठरलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. ट्वीड डिलक्स हळू वाजवण्यात मजा नाही आणि फ्लॅटमध्ये रात्री जोरात वाजवता येत नाही. म्हणून ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये अटेन्युएटर, म्हणजे बरीचशी पॉवर स्वतःत जिरवणारा डबा, लावतो. आता ट्रान्सफॉर्मर पुरा ताण सोसतो आणि स्पीकर कुजबुजतो. अशा वेळी इथला ट्रान्सफॉर्मर स्वतःच वाजायला लागायचा, डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा. मेन्सचं हमिंग नव्हे. मी जो स्वर वाजवीन तोच, पण बहुतेक वेळा एक सप्तक वर! त्याला कारण आहे: पुश-पुलमध्ये पत्रे चुंबकत्वाच्या दोन्ही दिशांना सारखेच ताणले जातात, म्हणून कंप दुप्पट वारंवारतेचा होतो. हे कळल्यावर गंमत वाटली, पण त्रास कमी झाला नाही. पाचव्या तारेवरच्या काही स्वरांना तर एखादा सैल पत्रा असा काही झणझणायचा, की सोलो मध्येच सोडून ॲम्पकडे बघावं लागायचं. बोल्ट आवळले, वरून वॉर्निश लावलं. थोडा फरक पडला. पण वॉर्निश बाहेरच राहतं, कॉइलच्या थरांमध्ये शिरत नाही, आणि आवाज बहुधा तिथूनच येत होता.

हॅमंडही पूर्ण मुका नाही, कान लावला तर ऐकू येतो. पण खुर्चीवर बसून ऐकू येत नाही, आणि मला तेवढं पुरतं. माझ्याकडे आलेला नग चांगला निघाला असं म्हणायलाही जागा आहे. बँडबरोबर, ड्रमच्या शेजारी वाजवणाऱ्याला ही तक्रार कधीच जाणवणार नाही. त्याने जास्तीचे पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत असं मी म्हणेन. अटेन्युएटरशिवाय ज्याचं चालत नाही, त्याने मात्र मनाची तयारी करून हॅमंड मागवलेला बरा.

तरीही इथेच करून घ्यायचं ठरलं, तर मोठ्या इलेक्ट्रिक मोटारी वाइंड करणाऱ्या वर्कशॉपमध्ये चौकशी करा. तिथे बऱ्याचदा ओव्हन असतो, काही ठिकाणी व्हॅक्यूमखाली वॉर्निश आत मुरवायची सोयही असते. तसं करून देणारा भेटला तर माझी ही तक्रार बहुतेक उरणार नाही. पैसे देण्याआधी त्याच्याच टेबलावर प्रायमरीच्या दोन टोकांना २३० लावून सेकंडरीवर सव्वासातच्या आसपास येतात ना ते मीटरवर बघा, आणि तेव्हाच कानही जवळ न्या.