नेपाळी खुकरी, वेडी बाभूळ आणि सोलापूरचं ऊन – दोन वर्षं वापरून झाल्यावर लिहितोय

आमचं शेत तुळजापूर रोडला, सोलापूरपासनं वीसेक किलोमीटर. बांधावर आणि ओढ्याकडेला वेडी बाभूळ इतकी माजते की दरवर्षी दिवाळी झाली की आठ-दहा दिवस नुसतं तेच काम, आणि पुढं हुरडा सुरू झाला की आगटीला जळण लागतंच. घरात कुऱ्हाड आहे, कोयते दोन आहेत, तरी आता शेतात गेलो की हातात आधी खुकरी, म्हणजे नेपाळचा तो पुढं वाकलेला सुरा, येते. बघणारे विचारतात कुठनं आणली, कुठली घ्यावी, आम्हाला जमंल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली खुकरी मी ऑनलाईन घेतली होती, 900 रुपयाला. पितळी सिंहाच्या तोंडाची मूठ, पात्यावर नक्षी, मखमली म्यान, दिसायला लय भारी. चौथ्या दिवशी बाभळीच्या फांदीवर घाव घातला आणि मूठ माझ्या हातात राहिली, पातं उडालं. आई पलीकडं काटक्या गोळा करत होती, तिच्यापासनं चार हातावर जाऊन पडलं ते. त्या दिवशी दुसरा घाव घातला नाही, पातं आणि मूठ घेऊन घरी आलो. मी चिंचोळी एमआयडीसीत फिटर आहे, मूठ फोडून बघितली तर आतली शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, पेन्सिलीएवढी पण जाड नाही, दीड इंच लांब, नुसत्या गोंदावर बसवलेली. ती भिंतीवर लावायची वस्तू होती, आणि विकणाऱ्यानं 'जंगलासाठी उपयुक्त' लिहून विकली होती. याचा मला अजून राग आहे, कारण अशी वस्तू घेऊन कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

दुसरी मिळाली ती आई-अण्णांना घेऊन पशुपतिनाथला गेलो होतो तेव्हा. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं सुनौली बॉर्डरवरनं बस. काठमांडूत ठमेल भागात खुकरीची दुकानं ओळीनं आहेत, आणि दारात टांगलेलं सगळं परत तेच, चकचकीत. एका दुकानात म्हातारे काका बसले होते, त्यांना हिंदीत म्हणलं, काका, शोची नको, तुमच्या गावाकडं घरात वापरतात तसली दाखवा. ते हसले, आत गेले आणि तीन काळपट, साध्या लाकडी मुठीच्या खुकऱ्या आणून पुढ्यात ठेवल्या. तिथं तासभर बसलो मी, अण्णा बाहेर कंटाळले, पण त्या एका तासात जे कळलं ते महत्त्वाचं आहे.

लोखंड बहुतेक ट्रकच्या कमानीचा पाटा असतो. आपल्याकडं घिसाडी रस्त्याकडेला पाल टाकून पाट्याचाच कोयता करून देतो, तेच ते. फरक आहे पाणी देण्यात. नेपाळचा लोहार, त्यांना कामी म्हणतात, तापलेलं पातं सगळं पाण्यात बुडवत नाही, किटलीनं धारेच्या कडेनं पाण्याची बारीक धार सोडतो. त्यामुळं धार कडक होते आणि पाठ मऊ राहते, म्हणजे घाव बसला की पाठ हादरा खाते, पातं तडकत नाही. हे बघायचं कसं, तर कानस घ्या (काकांना विचारून मी बॅगेतली छोटी कानस काढली, त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही). पात्याचं जे पोट, म्हणजे वाकलेल्या जागेच्या पुढचा सगळ्यात रुंद भाग, तिथं धारेवर कानस हलक्या हातानं फिरवली तर ती घसरली पाहिजे, काचेवरनं घसरावी तशी. तीच कानस पाठीवर लावली तर पकडती. टोकाकडं आणि मुठीजवळ पण थोडी पकडती, कारण तिथं पाणी कमी दिलेलं असतं. तीनपैकी एका खुकरीवर पोटाला पण कानस पकडायली होती, ती मी बाजूला सारली. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि ती उचलून परत आत ठेवली.

मग मूठ. दोन प्रकार असतात. एकात शेपटी मुठीच्या आतनं आरपार जाऊन मागं टोपीवर ठोकलेली असते, दुसऱ्यात पातंच मुठीच्या रुंदीचं मागंपर्यंत येतं आणि दोन बाजूनं लाकडाच्या फळ्या रिबिटनं मारलेल्या असतात, याला तिकडं चिरुवा म्हणतात. पहिला प्रकार वाईट आहे असं नाही, पिढ्यानपिढ्या वापरतात तिकडं, पण मागं ठोकलेलं टोक दिसलं पाहिजे. माझी हौस एकदा फिटली होती, मी चिरुवाच घेतली. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला सुंदर असती पण आपल्या सोलापूरला एप्रिल-मेच्या 43 डिग्रीत शिंग सुकून तडकतं, लाकूडच घ्या. आणि उन्हाळ्याआधी मुठीला जवसाचं तेल चोळा. जुन्या पद्धतीच्या मुठीत लाखेसारखा चिकट पदार्थ भरून शेपटी बसवतात, त्यामुळं खुकरी मेमध्ये बंद गाडीत काचेखाली टाकून जाऊ नका, तो पदार्थ मऊ पडतो.

आकारात पण लय प्रकार. सिरुपाते म्हणजे सिरू गवताच्या पात्यासारखी बारीक लांब, हाताला हलकी लागती पण जाड फांदीला पुरत नाही. भोजपुरे म्हणजे पोट रुंद, लाकडाला चांगली. मी मधली घेतली, पातं पावणेनऊ इंच, पोट दोन इंचाला जरा कमी, पाठ मुठीजवळ 8 मिलिमीटर, वजन साडेपाचशे ग्रॅम. किंमत 5600 नेपाळी, म्हणजे आपले 3500 (आपले 100 म्हणजे त्यांचे 160, हा हिशोब ठरलेलाच आहे). मापाचं कारण पण सांगतो. आपल्या शस्त्र नियमांत 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरलीत आणि तिथं खुकरीचं नाव स्पष्ट घेतलंय, शेतीची आणि घरकामाची अवजारं वगळली असली तरी. शिवाय शहरात जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात. म्हणून माझी खुकरी शेतातल्या खोलीतच राहते, गाडीवर कमरेला लावून टिळक चौकातनं हिंडायची वस्तू नाही ती. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला कोण घेऊन गेलं तर मी स्वतः त्याला अडवीन.

आता वापर. कोयत्याच्या सवयीनं मारू नका. खुकरीचं वजन पुढं पोटात असतं, आपण फक्त उचलायची आणि खाली येताना वाट दाखवायची, जोर लावला की मनगट दुखतं आणि नेम चुकतो. मुठीच्या मधोमध जे कडं असतं ते मधल्या बोटांच्या बेचक्यात येतं, पकड सैल आणि करंगळी घट्ट, मागचं रुंद टोक हातातनं निसटू देत नाही. घाव आडवा नको, तिरपा, एकदा उजवीकडनं एकदा डावीकडनं, खाच पडत जाते आणि मनगटाएवढी ओली वेडी बाभूळ चार-पाच घावात पडते. तीच फांदी कोयत्यानं मला आठ-दहा घाव घेती. पण मांडीएवढं खोड असलं तर गपचूप कुऱ्हाड घ्या, खुकरीचा तिथं काही संबंध नाही. आणि घाव बसून पातं अडकलं तर पिळून काढायचं नाही, वरखाली हलवून काढायचं. आपला पाय पात्याच्या वाटेत नाही ना हे प्रत्येक घावाला बघा, बसून तोडत असाल तर गुडघा टेकून बसा आणि खाली ओंडका ठेवा.

म्यानातनं काढायची रीत तर आधी शिका. म्यान म्हणजे दोन पातळ लाकडाच्या फाका आणि वरनं कातडं. हाताची बोटं म्यानाच्या धारेकडच्या बाजूला गुंडाळून काढली तर पातं शिवण कापून बोटात येतं. म्यान पाठीच्या बाजूनं धरायचं, पात्याची पाठ म्यानाला घासत काढायची. माझ्या चुलतभावाला दोनदा सांगून पण तिसऱ्या वेळी त्यानं मूठ आवळून काढली, नशीब म्यान नवीन होतं. आता कुणाच्या हातात द्यायची झाली तर मी आधीच बाहेर काढून, खाली ठेवून देतो.

सोबत दोन छोटी पाती येतात. करदा म्हणजे छोटी सुरी, कांदा-मिरचीला बरी. चकमक म्हणजे बोथट पातं, त्यानं धारेवरनं दाबून फिरवलं की दुमडलेली धार सरळ होती, मी जेवायच्या सुट्टीत तेच करतो, कानस वर्षातनं दोनदा. धार पोटाला गोलसर असती, कोयत्यासारखी सपाट घासून पातळ करू नका, बाभळीच्या गाठीत तुकडा उडंल. म्यानातनं काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत वगैरे जे ऐकायला मिळतं त्याच्यावर काका कपाळाला हात लावून म्हणले, आमच्या घरात बायका रोज याच्यानं भाजी चिरतात. मुठीजवळ पात्याच्या धारेला जी छोटी खाच असते तिच्याबद्दल मात्र वेगवेगळं सांगतात, कुणी म्हणतं चीक मुठीपर्यंत येऊ नये म्हणून, कुणी म्हणतं महादेवाचं त्रिशूळ. मी बघितलं तर बाभळीचा ओला रस पात्यावरनं खाली येतो आणि खाचेशी थेंब होऊन पडतो, एवढं खरं.

तो रस त्याच दिवशी पुसा. बाभूळ असो नाहीतर डाळिंबाची छाटणी, पातं निळसर काळं पडतं, तो डाग राहिला तर राहू दे, त्यानं काही बिघडत नाही, पण ओल राहिली तर रात्रीत तांबडा गंज धरतो, हे स्टेनलेस नाही. पावसाळ्यात म्यानात ठेवूच नका, कातडं ओल धरून ठेवतं. मी तेल लावून सुती फडक्यात गुंडाळून खोलीतल्या आढ्याला टांगतो, म्यान वेगळं.